मी काढलेले पळसाचे फोटो

आमच्या शाळेच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी या वेळी 'माझा छंद' हा विषय दिला. कुणी क्रिकेटवर लिहिले, कुणी रांगोळीवर. मला आधी काहीच सुचेना. मग आजी म्हणाली, "आगं, म्हैनाभर मोबाईल घेऊन झाडाखाली हिंडलीस, तेच लिही की." म्हणून मी हे लिहीत आहे.

दिवाळी झाली की आमच्या भागातली पुष्कळ माणसे ऊसतोडीला जातात. माझे आईवडीलही जातात. तिकडे नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती ऊस तोडून फेडायची. टोळी एकदा कोल्हापूरकडे गेली की कारखान्याचे गाळप संपेपर्यंत परत येत नाही. तिसरीत आणि चौथीत मीही त्यांच्याबरोबर गेले होते. खोपीत राहायचे, धाकट्या भावाला सांभाळायचे आणि वाढ्याच्या पेंढ्या बांधायच्या. परत आले तेव्हा भागाकार सगळा विसरले होते. यंदा मी सातवीत आहे. निघताना आई म्हणाली, "तू हितंच ऱ्हा आजीपाशी. साळा बुडवू नको." भावाला मात्र तिने सोबत नेले.

फेब्रुवारीत एका रात्री काकांच्या मोबाईलवर आईचा फोन आला. तिने आधी आजीच्या गुडघ्याचे विचारले, मग शेळीचे. मग म्हणाली, "बांधावरचा पळस फुलला का गं?" मी म्हणाले, "मी न्हाई बघितलं." ती म्हणाली, "बघून सांग. पळस फुलला म्हंजी घरी यायचे दिवस जवळ आले. हितं निस्ता ऊसच ऊस, दुसरं झाड दिसंना."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी काकांचा मोबाईल मागून घेतला आणि शेतात गेले. पळस फुलला होता! झाडावर एक पान नव्हते. सगळ्या फांद्या केशरी झाल्या होत्या. साळुंक्यांचा नुसता कलकलाट चालला होता. मी मान वर करून पटापट दहा फोटो काढले. घरी येऊन बघते तर काय, सगळे आभाळ पांढरेफटक आणि फुले काळी! जणू झाडावर कावळे बसले आहेत. मला रडूच आले.

मी ते फोटो गुरुजींना दाखवले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर सूर्य, झाड आणि एक मुलगी काढली. ते म्हणाले, "तू आभाळाकडे तोंड करून फोटो काढलास. आभाळाचा उजेड फार. तो आवरायला कॅमेऱ्याने सगळेच अंधारून टाकले. त्यात पळसाच्या फुलाचा देठाकडचा भाग काळपट मखमली असतो. सूर्य आपल्या पाठीशी ठेव, म्हणजे ऊन फुलावर पडेल. आणि सकाळी लवकर जा. दुपारच्या उन्हात रंग उडाल्यासारखे दिसतात."

त्या दिवशी गुरुजींनी सगळ्या वर्गाला पळसाची माहिती सांगितली. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण आपल्याला ठाऊक आहे, पण त्याचे फूल हरभऱ्याच्या आणि तुरीच्या कुळातले आहे हे मला ठाऊक नव्हते. फुलाची एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकडी असते. फुले पाण्यात उकळली की रंगपंचमीचा रंग होतो. इतिहासात आपण 1757 सालची प्लासीची लढाई शिकलो. त्या गावाचे नाव पलाशी, आणि ते पळसावरूनच पडले आहे. आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, "लढाईचं मला ठाव न्हाई. आमच्या लग्नात समदं गाव पळसाच्या पत्रावळीवर जेवलं, तेवढं ठाव हाय."

रविवारी काका मोटार चालू करायला निघाले तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले. सूर्य नुकताच वर आला होता. मी सूर्याकडे पाठ करून उभी राहिले. या वेळी फुले अगदी विस्तवासारखी दिसली. झाडाखालीही फुलांचा सडा पडला होता, तो फोटोत यावा म्हणून मी जरा मागे सरकले. पण त्या फोटोत माझी लांबच लांब सावली आली. पार झाडाच्या बुंध्यापर्यंत! फोटो बिघडला असे मला वाटले. मी तो पुसणार होते, पण तेवढ्यात काकांनी सगळेच फोटो आईला पाठवून दिले.

रात्री आईचा फोन आला. फुलांचे ती काहीच बोलली नाही. म्हणाली, "किती वाढलीस गं तू!" मी म्हणाले, "आगं, ती सकाळची सावली हाय. सकाळी सावली लांबच पडते, सहावीत शिकवलंय." आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "असू दे. तरी पण त्यो फोटो पुसू नको."

मग मला फोटो काढायचा नादच लागला. आमच्या परभणी जिल्ह्यात जंगल फार थोडे. जे आहे ते बहुतेक जिंतूरच्या डोंगराकडे. पण बोरीतही बांधावर आणि मंदिराजवळ झाडे आहेत. मारुतीच्या पारावरचा पिंपळ आधी सगळा झडला. मग त्याला तांब्याच्या भांड्यासारखी लालसर पाने फुटली. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून पुरते तयार झालेले नसते, लाल रंग असतो. तो रंग नाजूक पानाला कडक उन्हापासून सांभाळतो असे गुरुजींनी सांगितले. आंब्याची आणि लिंबाची पालवीही अशीच लालसर असते.

पिंपळाच्या पानाचा फोटो काढताना मात्र मी उलटे केले. पान माझ्या आणि सूर्याच्या मध्ये धरले. पानातून ऊन आले आणि शीर न् शीर दिसली. म्हणजे फुलासाठी सूर्य पाठीशी आणि पानासाठी सूर्य समोर, हे मी आपले आपणच शिकले. त्या एकाच फांदीचा फोटो मी एक दिवसाआड काढला. पाने आधी तांबडी, मग पोपटी आणि शेवटी हिरवीगार झाली. एक दिवस मी ताप येऊन झोपले होते. त्या दिवशीचा रंग माझ्याजवळ नाही. तो आता पुढच्या वर्षीच मिळेल.

पाडव्यानंतर चार दिवसांनी टोळी परत आली. आईचे हात उसाच्या पाचटाने चिरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी शेतात गेलो. पळसाची फुले संपली होती. फांद्यांना चपट्या शेंगा लोंबत होत्या आणि नवी पाने फुटली होती, तीन तीनच. मला फार वाईट वाटले. मी म्हणाले, "आई, तुला फुलं बघायला न्हाई मिळाली." आई म्हणाली, "बघितली की. तू दाखवलीस न्हाई का?"

मग तिने मला आपल्याजवळ उभे केले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून आपल्या खांद्याशी माप घेतले. दिवाळीला मी बरोबर तिच्या खांद्याला लागत होते. आता दोन बोटे वर गेले आहे. आई हसून म्हणाली, "बघ, सावली खोटं बोलली न्हाई."

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळांचे आईवडील दिवाळीनंतर गावात नसतात. त्या दिवसांत इकडे झाडे झडतात, फुलतात आणि पुन्हा हिरवी होतात, ते त्यांना दिसत नाही. घरात कुणाचा मोबाईल असेल तर एक फोटो काढून त्यांना पाठवा. सकाळी लवकर जा. सूर्य पाठीशी ठेवा. आणि आपली सावली फोटोत आली तर पुसू नका.

आज भित्तिपत्रक बघायला माझी आई शाळेत आली आहे. तिला वाचायला वेळ लागतो, म्हणून मी मोठ्या अक्षरात लिहिले आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता 7 वी