धूळपाटीवरची खतावणी

जालन्याच्या मोंढ्यातील धान्याची पेढी मुलाच्या हाती सोपवल्यानंतर त्या वृद्ध व्यापाऱ्यांना सर्वाधिक उणीव भासली ती वहीची. पन्नास वर्षे रोजमेळ लिहिलेल्या हाताला रिकामे बसणे जड जाते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या नातीने ही अस्वस्थता ओळखली आणि संगणकावर मराठी विकिपीडिया उघडून दिला. "आजोबा, हीही एक वहीच आहे. फरक इतकाच, की हिच्यात कोणालाही लिहिता येते."

हे वाक्य व्यापारी कानाला रुचणारे नव्हते. ज्या वहीत कोणीही लिहितो, तिचा ताळा कसा जुळायचा? नातीने 'इतिहास' हा दुवा दाखवला. कोणता बदल कोणत्या दिवशी, कोणत्या मिनिटाला, कोणाच्या खात्यावरून झाला, हे सारे तेथे नोंदलेले होते. चुकीचा बदल उलटवता येत होता. मात्र तो झाला होता ही नोंद कायम राहत होती. चुकलेला आकडा खरडून न काढता त्यावर रेघ मारावी आणि शेजारी सही करावी, हा पेढीचाही नियम होता. आजोबांनी खुर्ची पुढे ओढली.

नातीने थोडी पूर्वपीठिका सांगितली. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने 1995 मध्ये कोणालाही चटकन बदलता येतील अशा पानांची पहिली विकी सुरू केली. नाव घेतले ते हवाई भाषेतील 'विकी', म्हणजे 'जलद', या शब्दावरून. होनोलुलूच्या विमानतळावरील बसला 'विकी विकी' म्हणत, ते त्याच्या लक्षात राहिले होते. विकिपीडिया 2001 मध्ये आला आणि मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. नवशिक्याने सराव करावयाच्या पानाला तेथे 'धूळपाटी' म्हणतात, हे ऐकून मात्र आजोबा प्रसन्न हसले.

सरावासाठी त्यांनी वेरूळ हा विषय निवडला. अक्षरांचे नियम सोपे निघाले. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन एकेरी अवतरणचिन्हे दिली की अक्षर तिरके होते, तीन-तीन दिली की ठळक. ओळीच्या दोन्ही टोकांना बरोबरची दोन-दोन चिन्हे दिली की शीर्षक होते, तीन-तीन दिली की उपशीर्षक. ओळीच्या आरंभी तारका ठेवली की यादी तयार. तासाभरात आजोबांचे निम्मे पान ठळक झाले होते.

"आजोबा, सगळेच ठळक केले तर ठळक काय राहिले?" नातीने विचारले. दुकानाच्या पाटीवर अक्षर मोठे काढतात, वहीत नाही, हे त्यांना सांगावे लागले नाही. त्यांनी एकेक चिन्ह काढून टाकले आणि लेखाच्या आरंभीचे विषयाचे नाव तेवढे ठळक ठेवले.

मग तक्त्याची पाळी आली. महिरपी कंस आणि त्याला चिकटून उभी रेघ, हा तक्त्याचा आरंभ. उभी रेघ आणि आडवी रेघ एकत्र आल्या की नवी ओळ. रकान्याच्या मथळ्यापूर्वी उद्गारचिन्ह, साध्या घरापूर्वी उभी रेघ. शेवटी उभी रेघ आणि बंद होणारा महिरपी कंस. आजोबा तो शेवटचा कंस विसरले, तेव्हा तक्त्याखालचा सारा मजकूर तक्त्याच्याच पोटात गेला. "बेरीज न मारता पान उलटले की असेच होते," ते पुटपुटले आणि कंस बंद केला.

तक्त्यात तीन ओळी होत्या. आजोबांनी जैन लेण्यांची ओळ सर्वांत वर घेतली होती. नातीने क्रमांकांकडे बोट दाखवले. वेरूळच्या 34 प्रमुख लेण्यांपैकी 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू आणि 30 ते 34 जैन. हे क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात. वाचक प्रत्यक्ष तेथे गेला, तर त्याला याच क्रमाने चालावे लागेल. आजोबांनी क्षणभर विचार केला आणि ओळ खाली नेली. आपला माल वर मांडण्याची सवय दुकानाची असते. खतावणीत मात्र खाते आपल्याच पानावर राहते.

खरी अडचण आली ती चित्रापाशी. आजोबांनी कपाटातून एक कृष्णधवल छायाचित्र काढले. 1974 साली दोघे भाऊ आईला घेऊन वेरूळला गेले होते. बत्तिसाव्या लेण्याच्या, इंद्रसभेच्या, अंगणातील अखंड दगडात कोरलेला हत्ती आणि त्याच्या शेजारी डोक्यावर पदर घेतलेली आई. नातीने रीत सांगितली: दुहेरी चौकोनी कंसात 'चित्र' हा शब्द, पुढे अपूर्णविराम व फाइलचे नाव, मग उभ्या रेघा देत 'इवलेसे', 'उजवे' अशा सूचना आणि अखेरीस चित्राची ओळ. पण त्याआधी तिने विचारले, "फोटो कोणी काढला?"

"कॅमेरा माझा. रोलचे पैसेही मीच दिले."

"पण काढला कोणी?"

आजोबा गप्प राहिले. काढला होता धाकट्या भावाने. 1991 मध्ये पेढीची वाटणी झाली, एका गोदामावरून शब्द वाढले आणि भाऊ पुण्याला गेला. दरवर्षी पर्युषणानंतर क्षमापनेचे छापील पत्र दोन्ही घरांतून जात असे. फोन मात्र कोणी करत नसे. नातीने 1957 च्या कायद्याचा आधार दिला: छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारा. कॅमेरा कोणाचा आणि प्रत कोणाच्या कपाटात, यावरून हक्क ठरत नाही. शिवाय येथे चित्र द्यायचे, तर कर्त्याचे नाव देऊन ते कोणालाही वापरता येईल, अगदी विकताही येईल, अशी मोकळीक कर्त्याने स्वतः द्यावी लागते.

दोन दिवस संगणक बंद राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी फोन लावला. पलीकडून आवाज आला, "दादा? सगळे ठीक आहे ना?" इतक्या वर्षांनी आलेला फोन वाईट बातमीचाच असणार, असे धाकट्याला वाटले होते. आजोबांनी फोटोचे सांगितले. गोदामाचा विषय निघाला नाही.

परवानगी लगेच मिळाली. नातीने आजीकाकांना फोटो पाठवला आणि त्यांनी पुण्याहून नातवाच्या मदतीने तो स्वतःच्या नावाने विकिमीडिया कॉमन्सवर चढवला. मात्र त्यांनी एक अट घातली. विश्वकोशात घरची माणसे नकोत म्हणून नात कडेचा भाग कापणार होती, ते म्हणाले, "आईला कापू नका." नातीने पुन्हा चित्र पाहिले. शेजारी माणूस उभा असल्यामुळेच हत्ती केवढा मोठा आहे, ते कळत होते. आई राहिली.

आता चित्राखाली एवढीच ओळ आहे: 'इंद्रसभेच्या अंगणातील हत्ती, वेरूळ, 1974'. आईचे नाव कोठेही नाही. चित्रावर टिचकी मारली की कर्ता म्हणून धाकट्या भावाचे नाव दिसते. आजोबांनी ते पान दोनदा तपासले आणि शेजारच्या कागदावर सवयीने बरोबरची खूण केली. मग पुण्याला पुन्हा फोन लावला. या वेळी निमित्त फक्त इतकेच होते, की चित्र व्यवस्थित दिसते आहे.