वावराची वही

शेताची वही मी तारखेनं नाही, वावरानं लिहितो. प्रत्येक वावराला दहा पानं मोकळी सोडलेली. लिहिलं की लगेच उपयोग होतो असं नाही. आंब्याच्या कलमासारखं, दरसाल थोडं थोडं वाढतं.

खालच्या वावराचं पान बघा. २०१८ : तूर फुलोऱ्यात उभी वाळली. खोड चिरलं तर आत काळी रेघ. त्याच्याच खाली २०१९ ची भर : कृषी सहायक म्हणाले, ही मर. बुरशी जमिनीत दोन-तीन वर्षं टिकते, तूर तिथं परत नको. तीन वर्षं ज्वारी घेतली. २०२२ : तूर बीडीएन ७११, मधे ज्वारीच्या ओळी. मर तुरळक.

वहीलाही निंदणी लागते. जे दोन हंगामात खरं ठरलं नाही त्यावर रेघ मारतो, पण वाचता येईल अशी. तेच परत करून बघायची पाळी येऊ नये.

यंदा वाटणीत ते वावर थोरल्याकडं जातंय. सातबाऱ्यासोबत ही पानंही देतोय. सातबाऱ्यावर क्षेत्र कळतं, मर कुठल्या कोपऱ्यात लागते ते कळत नाही. चार पानं भरलीत. सहा त्याच्यासाठी मोकळी आहेत.