हात वर

बेळगाव भागात कुस्ती शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात आणि पलटणीत कवायत शिकवणाऱ्याला उस्ताद. शब्द एकच, एक तालमीच्या मातीतून आला, दुसरा बराकीतून. आम्हा मुलींना बास्केटबॉल शिकवणारे गृहस्थ दोन्हीकडचे होते. लहानपणी चंदगडकडच्या खेड्यात आखाड्याची लाल माती अंगाला लागलेली, आणि पुढे हवालदार म्हणून लष्करातून निवृत्त. १९६९ साली १३ वर्षांची असताना मी पहिल्यांदा मैदानावर गेले, तेव्हापासून ते आमचे उस्तादच. 'प्रशिक्षक' हा शब्द मला आजही सरकारी परिपत्रकातला वाटतो.

त्या काळी फाउल झाला की, जिच्या हातून तो झाला तिने गुणलेखकाच्या टेबलाकडे तोंड करून हात वर करायचा, असा रिवाज होता. लेखकाला नंबर नीट दिसावा, एवढाच त्यामागचा हेतू. उस्तादांनी मात्र त्या एका हातावर आमचे सगळे शिक्षण उभे केले. सरावाला पंच नसेच. कुणाला धक्का दिला, मनगटावर फटका मारला, तर जिचा दोष तिने आपणहून हात वर करायचा. नाही केला तरी ते खेळ थांबवत नसत. शेवटी आम्ही पाणी प्यायला बसलो की सहज विचारत, "आज कुणाचा हात वर यायचा राहिलाय काय?" आणि गप्प बसून राहत. ओरडले असते तर परवडले असते!

हा नियम त्यांनाही लागू होता. उशिरा येणारीने जितकी मिनिटे उशीर तितक्या फेऱ्या मारायच्या. एकदा सायकल पंक्चर झाली आणि ते सात मिनिटे उशिरा पोचले. आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला, सायकल भिंतीला टेकवली, आणि पन्नाशीचा तो माणूस सात फेऱ्या धावला. आमच्यातली एकही हसली नाही.

संघात निम्म्या मुली मराठी, निम्म्या कानडी. उस्तादांचे हुकूम लष्करी हिंदीत. खेळताना मात्र आमची तिसरीच भाषा चाले. मराठी मुलगी 'इल्ली कोडू' म्हणून चेंडू मागे आणि कानडी मुलगी 'हिकडं दे' म्हणून ओरडे. पुढे १९८६च्या जूनमध्ये सीमाभागात आंदोलन पेटले, तेव्हा मी बँकेत नोकरी करून सकाळी त्यांच्या हाताखाली लहान मुलींना शिकवत होते. मैदान काही दिवस ओस पडले. पुन्हा सराव सुरू झाला त्या सकाळी मुली दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभ्या होत्या. उस्तादांनी त्यावर एक शब्द काढला नाही. जोड्या मात्र अशा लावल्या की प्रत्येक मराठी मुलीचा चेंडू कानडी मुलीकडेच जाईल. तासाभरात पुन्हा 'इल्ली कोडू' ऐकू येऊ लागले.

हात वर करण्याची किंमत आम्ही १९७३ साली हुबळीला मोजली. उपांत्य सामना, दोन मिनिटे शिल्लक, आम्ही एका गुणाने पुढे. तेव्हा खेळाडूंचे नंबर चारपासून पंधरापर्यंत असत आणि पंच बोटांनी नंबर दाखवून फाउल कुणाचा ते सांगे. धक्काबुक्कीत एक फाउल झाला आणि पंचांनी दाखवला सात. दोष आठ नंबरचा होता. आठ नंबर म्हणजे आमची कर्णधार, आणि तिचे चार फाउल आधीच झालेले. पाचवा झाला की बाहेर. सात नंबर गप्प उभी होती, आम्ही सगळ्याच गप्प होतो. कर्णधाराने टेबलाकडे वळून हात वर केला.

सामना आम्ही तीन गुणांनी हरलो. परतीच्या एस.टी.त दोघी-तिघी तिच्याशी बोलत नव्हत्या. उस्तादांनी तिची पाठ थोपटली नाही की आम्हाला उपदेश केला नाही. धारवाडला गाडी थांबली तेव्हा खारे शेंगदाणे घेतले, तिच्या शेजारी जाऊन बसले आणि पुडी तिच्यापुढे धरली. बेळगाव येईपर्यंत दोघे शेंगदाणे खात होते.

बँकेत लागल्यावर माझे इंग्रजी वाचन वाढले आणि त्यात जॉन वुडन भेटले. अमेरिकेत लॉस एंजलिसच्या विद्यापीठाचा संघ त्यांनी १९४८ ते १९७५ अशी २७ वर्षे सांभाळला आणि शेवटच्या १२ वर्षांत १० राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. हा माणूस हंगामाच्या पहिल्या दिवशी मुलांना काय शिकवी, तर मोजे कसे घालायचे! सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला तर सराव बुडतो. १९७४-७५ साली दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांचे सराव बसून टिपले. त्यांच्या बोलण्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग नुसत्या सूचनांचा निघाला: काय करायचे, कसे करायचे. शाबासकी थोडी, रागावणेही थोडेच. मी हे उस्तादांना वाचून दाखवले. मोज्यांचे ऐकून ते म्हणाले, "हा गडी पलटणीत होता काय?" महायुद्धात नौदलात होता, असे मी सांगितले. "तरीच."

वुडन यांची मला सर्वांत आवडणारी गोष्ट विजेतेपदांच्या आधीची आहे. १९४७ साली ते इंडियाना राज्यातल्या एका शिक्षक महाविद्यालयाचा संघ शिकवत. त्या संघाला कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले. स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती आणि वुडन यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर हा एक कृष्णवर्णीय मुलगा होता. तो काही संघाचा हुकमी एक्का नव्हता, बहुधा राखीव बाकावर बसणारा. वुडन यांनी निमंत्रण नाकारले. पुढच्या वर्षी बंदी उठली, संघ गेला, वॉकर खेळला आणि ते अंतिम सामन्यापर्यंत पोचले. हुकमी खेळाडूसाठी कुणीही अडून बसेल. बाकावरच्या मुलासाठी अडून बसणारा विरळा.

पण त्याच वुडन यांच्या विद्यापीठात पुढे एक धनाढ्य बांधकाम व्यावसायिक खेळाडूंना नियमाबाहेर भेटी आणि सवलती पुरवत होता. वुडन निवृत्त झाल्यावर १९८१ साली चौकशी होऊन विद्यापीठाला शिक्षा झाली. वुडन यांच्यावर ठपका आला नाही. तरीही मोज्याची सुरकुती दिसणाऱ्या डोळ्यांना मुलांच्या अंगावरचे नवे कोट कसे दिसले नाहीत, हा प्रश्न मला सुटत नाही. माणूस लहान ठरतो असे मी म्हणत नाही. परंतु उस्तादांनी पाणी पिताना त्यांनाही तोच प्रश्न विचारला असता, असे मात्र वाटते.

आपल्याकडे भेटींचे कोट नसतात, जन्मदाखले असतात. खेळातली वयचोरी इतकी बोकाळली की केंद्र सरकारला २०१० साली तिच्याविरुद्ध स्वतंत्र राष्ट्रीय संहिता करावी लागली. त्याच्या कितीतरी आधी, १९९८ साली, उस्ताद जाऊन सात वर्षे झाली होती आणि वर्ग मी एकटी चालवत होते, तेव्हा एका मुलीचा दाखला माझ्यापुढे आला. आमची सर्वांत उंच, सर्वांत गुणी मुलगी. वयोगटाच्या मर्यादेबाहेर आठ महिन्यांनी गेलेली. नव्या दाखल्यात दीड वर्षाने लहान झालेली. तिची आई माझ्या गल्लीतली, हळदीकुंकवाला येणारी. "अक्का, सगळेच करतात की. पुढं कॉलेजला खेळाच्या कोट्यातून जागा मिळते. आम्हाला पैसे भरून घालणं होत नाही," ती म्हणाली. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. मुलगी दाराशी उभी राहून चपलेचा अंगठा कुरतडत होती.

प्रवेशिकेवर प्रशिक्षकाची सही लागते. मी केली नाही. करावी की नाही याचा विचार रात्रभर केला असे लिहिले तर शोभेल, पण तसे घडले नाही. मुलीला जवळ बसवून एवढेच सांगितले, की वरच्या गटात खेळशील तर रोज एक तास जास्त देईन. ती मानेनेच हो म्हणाली.

चार दिवसांनी ती दुसऱ्या संघातून उतरली. तिथे सही मिळाली. तो संघ जिंकला. आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. तिला जागा मिळाली, शिक्षण झाले, आता ती पुण्याला असते आणि बरे चालले आहे, असे ऐकते. आमच्या उरलेल्या मुलींपैकी एकीने रडून विचारले होते, "अक्का, मग आपण कशासाठी हरलो?" तिला मी हुबळीची गोष्ट सांगितली. तिला ती पटली असे दिसले नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती सरावाला मात्र वेळेवर आली.

त्या मुलीची आई गणपत गल्लीत भाजी घेताना अजून भेटते. मीच आधी 'कशा आहात?' विचारते. ती मेथीच्या जुड्या उलटसुलट करून पाहते, भाजीवालीला कानडीत भाव विचारते आणि पिशवी भरून पुढच्या गाडीकडे जाते.