रुळानं हो म्हटलं पाहिजे

नागपूर-पुणे वंदे भारत 10 ऑगस्ट 2025 ला सुरू झाली तेव्हा आमच्याकडे घरोघरी एकच प्रश्न होता. ताशी 180 किलोमीटरसाठी बांधलेल्या गाडीला 881 किलोमीटर जायला बारा तास का लागावेत? भागाकार केला तर सरासरी येते 73. माझ्या भाच्यानं हा हिशेब मला फोनवर तक्रारीच्या सुरात ऐकवला. मावशी विज्ञान शिकवायची, तेव्हा तिला उत्तर ठाऊक असणार असं त्याला वाटलं. उत्तर मला ठाऊक होतं, पण ते पुस्तकातून आलेलं नव्हतं. ते बाबांकडून आलं होतं.

बाबा रेल्वेत की-मन होते. आम्ही अजनीच्या रेल्वे कॉलनीत राहायचो आणि त्यांचं बीट खापरीच्या पुढे होतं. रोज सकाळी खांद्यावर हातोडा, हातात पाना, लाल-हिरव्या झेंड्या आणि डबीत फटाके घेऊन पाच-सहा किलोमीटरचा रूळ ते पायी तपासत जायचे. रुळावर बांधायचे ते फटाके. चाक वरून गेलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हरला पुढे धोका असल्याचं कळतं. बिडाचे स्लीपर होते तोवर रूळ पोलादी किल्ल्यांनी आवळलेला असे. गाड्यांच्या हादऱ्यानं किल्ल्या सरकायच्या, त्या परत ठोकून बसवणं हे की-मनचं मुख्य काम. पुढे सिमेंटचे स्लीपर आले, किल्लीच्या जागी पँड्रोल क्लिप आली, पण हुद्द्याचं नाव आणि चालणं तसंच राहिलं. नव्या, जास्त ताकदीच्या इंजिनाची बातमी कुणी सांगितली की बाबा म्हणायचे, "इंजन कितीबी जोराचं आना, रुळानं हो म्हनलं पायजे."

नागपुरात रूळ हो म्हणायला सहजासहजी तयार नसतो, कारण इथलं ऊन. 2013 च्या मे महिन्यात शहरात 47.9 अंश तापमान नोंदवलं गेलं होतं. हवा एवढी तापली की उघड्यावर पडलेला रूळ तिच्याहून पंधरा-वीस अंशांनी अधिक तापतो. पोलाद तापलं की लांबतं. एक किलोमीटर लांबीचा रूळ मोकळा असेल आणि 40 अंशांनी तापला, तर तो जवळजवळ 46 सेंटिमीटर वाढेल. जुन्या काळी 13 मीटरचे रूळ फिशप्लेटनं जोडलेले असत आणि दोन रुळांमध्ये वाढीसाठी फट ठेवलेली असे. आमच्या लहानपणी गाडीत बसलं की चाकांचा जो ठेका ऐकू यायचा, तो त्या फटींचा. पण प्रत्येक फटीवर चाक आदळतं, रुळाचं टोक झिजतं, आणि वेग वाढेल तसा तो मार जोरात बसतो. म्हणून सांधे वितळवून रूळ सलग केले गेले. नागपूरहून पूर्वेला जाणाऱ्या लाइनवर भिलाई लागतं. तिथल्या कारखान्यातून आता 260 मीटर लांबीचे जोडलेले रूळ निघतात आणि लाइनवर टाकून पुन्हा एकमेकांना जोडले जातात. असा सलग रूळ किलोमीटरच्या किलोमीटर जातो.

मग ती 46 सेंटिमीटरची वाढ जाते कुठे? ती होऊ दिली जात नाही. क्लिपा रुळाला स्लीपरवर धरतात आणि स्लीपरला खडी धरते. लांबायला न मिळालेला रूळ आतल्या आत प्रचंड दाबाखाली राहतो. खडी कमी असेल, किंवा कामासाठी नुकतीच मोकळी केलेली असेल, तर हा दाब बाजूला वाट काढतो आणि सरळ लाइन सापासारखी वळते. याला लाइनवरची माणसं बकलिंग म्हणतात. अशा रुळावर भरधाव गाडी आली तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून ठरवलेल्या तापमानापेक्षा रूळ साधारण वीस अंशांनी अधिक तापला की उन्हाळी पेट्रोलिंग सुरू होतं. म्हणजे भर दुपारी, सगळं नागपूर दारं लावून कूलरसमोर झोपलेलं असतं त्या वेळी, माणसं रुळाकडे बघत चालत असतात. आई बाबांच्या डोक्याला ओला दुपट्टा बांधून द्यायची, खिशात कांदा ठेवायची, पन्ह्याची बाटली द्यायची. संध्याकाळी त्यांच्या पायांना हात लावला तर चटका बसे.

हिवाळ्यात उलटं. रूळ आखडू पाहतो, ताणला जातो आणि एखाद्या जुन्या वेल्डपाशी तडा जातो. एका डिसेंबरच्या पहाटे बाबांना असा तडा दिसला. नियम त्यांना तोंडपाठ होता: लाल दिवा दाखवत गाडीच्या दिशेनं धावायचं, 600 मीटरवर एक फटाका बांधायचा, 1200 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन. ते तसे धावले. गाडी थांबली. नंतर तडा बांधून, सावकाश गाडी सोडण्यात आली. घरी आल्यावर त्यांनी चहा मागितला आणि त्यातलं काहीच सांगितलं नाही. आम्हाला दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांकडून कळलं. मी मात्र नंतर वर्गात वेग शिकवताना हे अंतर नेहमी सांगायचे. 1200 मीटर का? तर गाडी थांबायला तेवढी जागा हवी. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं. 100 वरून 130 वर गेलो तर वेग तीस टक्क्यांनी वाढतो, पण थांबायला जवळजवळ सत्तर टक्के अधिक रूळ लागतो. मुलांच्या हे पटकन लक्षात यायचं.

दिवाळीनंतर मी त्या वंदे भारतनं पुण्याला लेकीकडे गेले. गाडी सकाळी दहाच्या आत अजनीहून सुटते. शेजारच्या खुर्चीवर पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा होता. त्यानं मोबाइलवर वेग दाखवणारं अॅप उघडलं होतं. अजनी सुटून जेमतेम काही क्षण झाले असतील आणि शंभरचा आकडा आला. तो खूश झाला. मलाही फार आनंद झाला, हे लपवणार नाही. या गाडीला पुढे वेगळं इंजिन नसतं. मोटारी डब्यांखाली, जवळपास एकाआड एक डब्याच्या चाकांना लावलेल्या असतात, म्हणून ती थांबल्या जागेवरून 52 सेकंदांत 100 चा वेग गाठू शकते. एका मोठ्या विजेच्या इंजिनाचं वजन सव्वाशे टनांच्या आसपास असतं आणि ते सहा आसांवरून रुळावर पडतं. इथे तोच जोर पूर्ण गाडीत वाटला जातो आणि रुळाला मार कमी बसतो. जपाननं 1964 मध्ये तोक्यो-ओसाका मार्गावर शिंकान्सेन सुरू केली तेव्हा हाच विचार केला होता. ब्रेक लावताना त्याच मोटारी उलट काम करतात, वीज तयार करतात आणि ती वरच्या तारेत परत जाते.

"काकू, एकशे तीस!" मुलगा म्हणाला. थोड्या वेळानं आकडा घसरायला लागला. "आता काहून हळू झाली?" बाहेर पिवळी पाटी गेली होती. पुढे काम चालू होतं. केशरी जाकिटातली गँग खडीवरून बाजूला उभी होती आणि तिच्यात तीन-चार बायकाही होत्या. बाबांच्या काळात मी हे पाहिलं नव्हतं. त्या मुलाला मी सांगितलं की हा कॉशन आहे. जिथे खडी नुकतीच हलवली आहे तिथे ती पुन्हा घट्ट बसेपर्यंत वेग कमी ठेवावाच लागतो. मग त्यानं बरंच विचारलं आणि भुसावळपर्यंत आमचं तेच बोलणं चाललं.

73 च्या सरासरीचं उत्तर असं रस्त्यातच दिसत जातं. आपल्या बहुतेक मार्गांवर कमाल वेगाची परवानगी 130 किंवा त्याहूनही कमी आहे, गाडी 180 ची असली तरी. वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, जळगाव, मनमाड असे थांबे आहेत. प्रत्येक यार्डात सांधे बदलताना वेग उतरतो. पुढे कोळशाची मालगाडी असेल तर तिला बाजूच्या लूप लाइनला घेईपर्यंत मागच्याला धीर धरावा लागतो. मनमाडहून दौंडकडे जाणारी लाइन वर्षानुवर्षं एकेरी होती. तिच्या दुहेरीकरणाचं काम टप्प्याटप्प्यानं चाललं आहे. यातलं एकही कारण गाडीच्या मोटारीत नाही.

शिंकान्सेनचा जो पैलू मला सर्वांत मोठा वाटतो, तो तिचा वेग नाही. मध्यरात्री बारा ते सकाळी सहा त्या मार्गावर एकही प्रवासी गाडी धावत नाही. ते सहा तास रुळाचे आहेत. माणसं उतरतात, तपासतात, बदलतात, आणि पहाटे लाइन मोकळी असल्याची खातरी एक तपासणी वाहन करून जातं, मगच पहिली गाडी सुटते. शिवाय तोकाइदो म्हणजे त्याच तोक्यो-ओसाका मार्गावर डॉक्टर यलो नावाची पिवळी गाडी साधारण दर दहा दिवसांनी पूर्ण वेगानं धावून रूळ आणि तारा मोजत असे. 1964 पासून आजवर तिथे गाडी घसरून किंवा टक्कर होऊन एकाही प्रवाशाचा जीव गेलेला नाही. ऑक्टोबर 2004 च्या भूकंपात एक गाडी 200 च्या आसपासच्या वेगात घसरली, तरी आतल्या कुणाला इजा झाली नाही. आपल्याकडे हावडा-मुंबई मार्गावर रात्रंदिवस गाड्या असतात आणि रूळवाल्यांना काम करायला ब्लॉक मागून घ्यावा लागतो. कधी मिळतो, कधी तो कमी होतो. मेगाब्लॉकची बातमी आली की प्रवासी चिडतात. मला त्या बातमीनं बरं वाटतं.

वेगवान गाडीचे मोठे अपघात वाचले की त्यांतही हेच दिसतं. जर्मनीत एशेडे इथे 3 जून 1998 ला 101 माणसं गेली. सुरुवात एका चाकाच्या धावेला आतून गेलेल्या तड्यानं झाली होती. तो बाहेरून दिसत नव्हता. आता आपल्या लाइनवरही माणसं ध्वनिलहरींचं यंत्र ढकलत रुळाच्या पोटातले तडे शोधतात. स्पेनमध्ये 2013 साली सांतियागोजवळ 80 च्या वळणावर गाडी 179 च्या वेगानं गेली. माणूस चुकू शकतो हे धरून चाललं पाहिजे, म्हणूनच आपण बनवलेली 'कवच' यंत्रणा मला मोलाची वाटते: रुळांमधल्या खुणा आणि रेडिओवरून इंजिनाला पुढचा सिग्नल कळतो आणि चालकानं ब्रेक लावला नाही तर ती स्वतः लावते. ताशी 320 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 89 मीटर. त्या वेगात बाहेरचा सिग्नल डोळ्यांनी वाचणं शक्यच नाही, तो चालकासमोर आतच दिसावा लागतो.

मुंबई-अहमदाबाद मार्ग त्या 320 साठी बांधला जातो आहे. 508 किलोमीटर, बारा स्थानकं. भूकंपाची चाहूल घेण्यासाठी 28 यंत्रं बसणार आहेत आणि त्यांतली काही मार्गापासून फार दूर, अगदी लातूरलाही. भूकंपाच्या पहिल्या हलक्या लहरी यंत्राला आधी जाणवतात, तेवढ्यात वीज तुटते आणि गाड्यांचे ब्रेक लागतात. लातूरला भूकंपमापक बसणार हे वाचलं तेव्हा मी तिथल्या भूकंपाची, 30 सप्टेंबर 1993 ची सकाळ आठवून थोडा वेळ काहीच करू शकले नाही.

मुंबई-नागपूर मार्गाचीही आखणी झाली आहे. समृद्धी महामार्गाच्या आधारानं सातशेहून अधिक किलोमीटर. 2021 मध्ये त्यासाठी विमानातून लायडार सर्वेक्षण झालं. तो मार्ग बांधला गेला तर जपानी पद्धतीनं खडीऐवजी काँक्रीटच्या लाद्यांवर रूळ असतील आणि खडी सैल होण्याची काळजी मिटेल. पण पोलाद तेच, विदर्भातला मेही तोच. मुंबई-अहमदाबादसाठी सुरतेला जपानी तज्ज्ञांनी आपल्या अभियंत्यांना रूळ टाकण्याचं शिक्षण दिलं. तसं केंद्र या मार्गासाठी अजनीत किंवा वर्ध्यात निघावं आणि त्यात आयटीआय झालेल्या आमच्याकडच्या मुली-मुलांना घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हात वाढलेल्यांना तापलेल्या लोखंडाबद्दल खूप काही आधीच माहीत असतं.

भाच्याला मी हे सगळं एकदम सांगितलं नाही. तो पुढच्या सुट्टीत येणार आहे. की-मनबरोबर लाइनवर जायला परवानगी लागते. बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा आता त्याच खात्यात आहे, त्याच्याकडे मी चौकशी करून ठेवली आहे.