कृष्णाकाठची एक शिकवण

दिवाळीनंतर साताऱ्याहून सांगलीला जाणार असाल, तर वाटेत कराडला जरूर उतरा. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात. तिथं नदीची ओटी भरा, पण मैत्रिणींनो, नारळाची प्लॅस्टिकची पिशवी मात्र परत आपल्या पर्समध्ये घाला. हेच पाणी पुढं सांगलीच्या घाटाला लागतं. इथं आपण टाकलेलं तिथल्या बहिणीच्या दारात जातं!

एक लाखाच्या आतल्या लोकवस्तीच्या शहरांत २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात कराड देशात पहिलं आलं. अशा कामाची सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातच होते, बरं का! ओला कचरा वेगळा ठेवला तर त्याचं खत होतं. कागद, काच, पत्रा भंगारवाल्याकडून पुन्हा कारखान्यात जातो. दोन्ही एकत्र कालवलं, की खतही बिघडतं आणि कागदही वाया जातो.

पुढं उसाचे मळे लागतात. एखाद्या गुऱ्हाळावर थांबा. रस काढून उरलेलं चिपाड वाळवून काहिलीखालीच घालतात. उसाचा गूळ उसाच्याच चिपाडावर शिजतो. साखर कारखान्यांच्या बॉयलरलाही हेच जळण. मळीपासून स्पिरिट तयार होतं. फेकायचं असं फारसं उरतच नाही.

आपल्या आज्या तरी काय करीत? जुन्या लुगड्यांची वाकळ शिवीत. घरी परतताना गुळाची ढेप आणालच, तेवढी ही रीतही घेऊन या. ओट्याखाली आजच दोन डबे ठेवा!