नातवाची काठी

गेल्या चैत्रात आमच्या नातवाने भोजनाच्या पंक्तीतच जाहीर केले की, उन्हाळ्याच्या सुटीत तो हिमाचलातील तीर्थन नदीवर ट्राउट मासे धरावयास जाणार. सौ.च्या हातातील पळी जागच्या जागी राहिली. ज्या घरात माशाचा वासही कधी शिरला नाही, त्या घरच्या मुलाने गळ हाती धरावा! मी मात्र गप्प बसलो, आणि त्यास कारण होते.

चाळीस वर्षांपूर्वी कोकणातील एका शाळेत मी नवाच रुजू झालो होतो. एक विद्यार्थी तास चुकवून खाडीवर गळ टाकीत बसे. एके दिवशी मी त्याची बांबूची काठी सर्व वर्गासमक्ष मोडली. तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही.

म्हणून नातवास एवढेच म्हटले, "काय काय घ्यायचे आहे, त्याची यादी आण पाहू." यादीची बेरीज माझ्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढी होती आणि तीत सर्वांत महाग होते ते रीळ. मग आम्ही दोघांनी चार दिवस बसून या विद्येचे मूळ तत्त्व समजून घेतले.

साध्या गळात शिशाचा भार दोराला ओढून नेतो. येथे आमिष म्हणजे आकड्यावर पिसे व धागा गुंडाळून केलेली माशी. तिला वजन असे जवळजवळ नाहीच. म्हणून दोरच जड करावा लागतो. तो हवेत उलगडत जातो व माशीस आपल्याबरोबर नेतो. एवढे उमगले की खर्चाचा क्रम आपोआप लागतो. पहिला मान दोराचा. दोरांना वजनानुसार क्रमांक असतात. पाच क्रमांकाच्या दोराच्या पहिल्या 30 फुटांचे वजन 140 ग्रेन, म्हणजे सुमारे 9 ग्रॅम. काठीही त्याच क्रमांकाची हवी, नाहीतर विजोड संसाराप्रमाणे दोघांचेही हाल! नवशिक्यास 9 फुटांची, मध्यम किमतीची काठी पुरते. लहान ट्राउटसाठी रिळाचे काम बहुतांशी दोर गुंडाळून ठेवण्याचे. काटकसर करावी ती तेथे. माश्या दहाबारा पुरेत. घसरड्या दगडांवर पाय ठरेल असे जोडे आणि सरकारी परवाना, यांत मात्र कसर नको. यादी निम्म्यावर आली.

"हे साहेबांचे खूळ आपल्या घरी कशाला?" असे सौ.ने विचारताच मी सांगितले की, बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' म्हणून स्वतंत्र प्रकरणच आहे. "राजाने लिहिले म्हणून हिंसा निर्दोष होते काय?" या तिच्या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. अखेर तिनेच अट घातली की, धरलेला मासा सोडलाच पाहिजे. त्यासाठी आकड्याचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकावा, हात ओले करावे, मासा शक्यतो पाण्याबाहेर काढू नये. तरीही त्यास इजा होतेच. हे आम्ही नातवापासून लपविले नाही.

सराव अंगणात झाला, माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून. काठी मागे नेल्यावर क्षणभर थांबावे, दोर मागे पुरता उलगडू द्यावा, मगच पुढे आणावी. नातू घाई करी आणि दोराचा गुंता होई. त्यास "थांब, थांब" असे सांगताना मला तो खाडीवरचा मुलगा आठवे. त्या दिवशी मीच क्षणभर थांबलो असतो, तर पाणी कसे ओळखावे हे त्याने साऱ्या वर्गास शिकविले असते.

सुटी संपवून नातू परतला. दहा दिवसांत त्यास एकच मासा लागला होता. सगळी हकीकत ऐकून झाल्यावर सौ.ने त्यास एवढेच विचारले, "गेला ना रे नीट पोहत?"