थरथरत्या हाताची रांगोळी



पर्युषणात मंदिरापुढची रांगोळी काढायचं काम इथे देवपुरात बरीच वर्षं माझ्याकडे होतं. दोन वर्षांपासून उजवा हात थरथरतो. गेल्या वर्षी रेघ वाकडी गेली, तर शेजारच्या सूनबाईने काही न बोलता पुसून नीट काढली. तिने चांगल्या मनानेच केलं. मी मात्र घरी येऊन रांगोळीचा डबा माळ्यावर टाकला.

दिवाळीला पुण्याहून नात आली, इंजिनिअरिंगला आहे. म्हणाली, "दादी, कोड लिहून काढ ना." मी हसले. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, खतावणीच्या पलीकडे काही लिहिलं नाही. तिने लॅपटॉपवर पी-फाइव्ह जेएस उघडून दिलं. फुकट असतं. केसी रीस आणि बेन फ्राय या दोघांनी २००१ मध्ये अमेरिकेत एमआयटीत चित्रं काढण्यासाठी 'प्रोसेसिंग' बनवलं; त्याच कल्पनेवर पुढे लॉरेन मॅकार्थी यांनी हे तयार केलं.

पहिले आठ दिवस रडू यायचं. एक कंस बंद करायचा राहिला की पडदा कोरा. तेरीज एका रुपयाने जुळत नसली की व्हायचं ना, अगदी तसं!

ठिपके मात्र लगेच समजले. नऊ गुणिले नऊ, ८१ ठिपके. पण एक्याऐंशी वेळा लिहायचं नाही. 'फॉर' हा शब्द घालून नियम सांगायचा, बाकी ते मोजतं. उदबत्तीने भोकं पाडलेला आपला रांगोळीचा कागद दुसरं काय करतो? मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या गिफ्ट आणि राणी सिरोमनी यांनी तर १९७० च्या दशकातच तमिळ बायकांच्या कोलमचे नियम संगणकाच्या व्याकरणात मांडले होते.

मग घेतलं स्वस्तिक. आलेखाच्या कागदावर बिंदू मांडले, आकडे टाइप केले आणि पडद्यावर उलटं स्वस्तिक! धस्स झालं. लॅपटॉप मिटून टाकला. दुसऱ्या दिवशी सामायिक झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. कॉलेजच्या आलेखात शून्य खाली असायचं, वर जावं तसे आकडे वाढायचे. इथे शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात आणि आकडे खाली वाढत जातात. म्हणून आरशात दिसावं तसं आलं. प्रत्येक उंची ४०० मधून वजा केली, सरळ झालं. वर ज्ञान-दर्शन-चारित्र्याच्या तीन ढिगल्या आणि सिद्धशिलेची चंद्रकोर.

पण ते दुकानातल्या स्टिकरसारखं दिसत होतं. इतकी सरळ रेघ आपल्या कुणाच्याच चिमटीतून पडत नाही. मग नातीने फोनवर 'रँडम' शिकवलं. त्याने प्रत्येक बिंदू जागेवरून किंचित हलतो. पॅरिसच्या वेरा मोल्नार १९६८ पासून संगणकावर चित्रं काढत होत्या, चौकोनांच्या रांगांत मुद्दाम थोडी बेशिस्त मिसळायच्या. २०२३ मध्ये नव्व्याण्णवाव्या वर्षी गेल्या.

मी दोन आकडा टाकला. रेघ जिवंत झाली. सहा टाकला, तर हुबेहूब माझा आत्ताचा हात. बराच वेळ बघत बसले. शेवटी तीनवर ठेवला.

यंदा पर्युषणाला या आकृतीचा मोठा प्रिंट घेऊन येणार आहे. सूनबाईंना सांगून ठेवलंय, रांगोळी तुम्ही सोडायची. भोकं पाडायला उदबत्ती घेऊन कोण कोण येतंय, ते आधी कळवा.